बाहीतलं लोखंड

कुबातचं इन्सुलिन संपलं होतं. तो खिंडीपलीकडच्या कुरणावर होता आणि खालचा रस्ता दरडीने गिळला होता. म्हणून त्याची बहीण बुरुलचा, घरच्यांची बुरुल, औषधाचा डबा छातीशी बांधून पहाटेच निघाली. सोबत थोरल्या बहिणीचा नवरा तोक्तोसुन, दोन घोडी आणि मनगटावर होकायंत्राचं घड्याळ. आज औषध पोहोचलं नाही, तर कुबात हाती लागणार नव्हता.

"हे घड्याळ वेळ तरी बरोबर दाखवतं का, मेव्हणीबाई?" तोक्तोसुनने चिडवलं.

"तुमच्यापेक्षा बरोबर, भावोजी. तुम्ही तर स्वतःच्या लग्नालाही उशिरा आलात."

दुपारी खिंडीवर धुकं उतरलं. घोड्याचे कानही दिसेनात. घड्याळावर नजर ठेवून बुरुलचा पुढे चालली. तासाभराने दगडांची एक रास लागली, तिच्यावर घोड्याची कवटी. आणखी तासाभराने पुन्हा तीच रास! तिसऱ्यांदा कवटी समोर आली, तेव्हा घोडी फुरफुरत मागे सरली आणि तोक्तोसुनच्या तोंडचं पाणी पळालं. अल्बार्स्ती, ती पिवळ्या केसांची हडळ, आपल्याला चकवा लावतेय, असं तो पुटपुटू लागला.

घाबरली तर बुरुलचाही होती, पण तिला राग जास्त आला. पहाटे अंगणात तिने घड्याळ नीट जुळवून घेतलं होतं. मग बिघडलं कुठे? ती उतरली. रिकिबी लोखंडी, म्हणून घोड्यांपासून दहा पावलं लांब गेली. सावकाश गोल फिरली. काटा उत्तरेला थांबेना, तिच्या हाताबरोबरच फिरत राहिला.

तेव्हा तिला डावी बाही जड लागली. निघताना उंबऱ्यावर आईने तिच्यात जुन्या नालेचा तुकडा शिवला होता. अल्बार्स्ती लोखंडाला भिते ना! आणि घड्याळही डाव्याच हातात.

तिने चाकू काढला.

"इथे नको काढूस, बुरुल. हात जोडतो," तोक्तोसुन म्हणाला.

"मग कुबातला काय सांगू, भावोजी?"

टाके तुटले. तुकडा तिने लांब भिरकावला. हवेत आठाचा आकडा काढत मनगट फिरवलं, घड्याळ पुन्हा जुळवलं, हात आडवा धरला. काटा स्थिरावला. कुरण ईशान्येला, म्हणजे उजवीकडे!

"बुरुऽल!"

हाक डावीकडून आली. आवाज कुबातचा, अगदी स्वच्छ. तोक्तोसुनने रडवेल्या चेहऱ्याने घोडा तिकडे वळवला. बुरुलचाचाही जीव तिकडेच ओढला. पण तिने त्याचा लगाम धरला.

"उजवीकडे," ती म्हणाली.

घोड्याच्या टापेने एक दगड उडाला आणि डावीकडे गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही!

दोघं लगाम धरून पायी निघाली. हाका मागोमाग येत राहिल्या, कधी लाडिक, कधी रडक्या. बुरुलचाने घड्याळावरची नजर काढली नाही. हळूहळू उतार लागला. धुकं विरलं. कुत्री भुंकली!

तंबूत शिरताच तिने भावाला सुई टोचली. तोक्तोसुनने कुबातच्या बायकोला, सालिमाला, विचारलं, हा आम्हाला हाका मारायला वर आला होता का?

"वर?" सालिमा म्हणाली. "कालपासून त्यांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही."

रात्र सरताना कुबातच्या पापण्या हलल्या.

"बुरुल," तो म्हणाला. आवाज फाटका, घोगरा होता, तिला अजिबात ओळखता आला नाही. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि ती हमसून हमसून रडली.