हुकुमदार

गोरेमाळावर मीठ कधी कोरडं राहत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत ते बरणीत पाझरत बसतं. काड्यापेटी चुलीच्या कोनाड्यात ठेवावी लागते, आणि चार दिवस पायात न घातलेल्या चपलांना पांढरी बुरशी येते. घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झडपा बांधतात, नाहीतर भिंतीसुद्धा मिठासारख्या पाझरतील. कुपवाडच्या रखरखीत माळावरून लग्न होऊन आलेल्या अंजनाला पहिल्या पावसाळ्यात वाटलं होतं, ही माणसं इथं राहायला आली तरी कशाला?

ती माणसं राहायला आलीच नव्हती, मागं राहिली होती. महाबळेश्वरच्या डोंगररांगेतल्या ह्या माळावर इंग्रजांनी आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी लहानसं लष्करी ठाणं उभारलं होतं. हवा थंड म्हणून उभारलं, आणि धुक्यात पहारेकरी चालत चालत कड्यावरून खाली जायला लागले म्हणून मोडलं. गोरे गेले. त्यांचं पाणी वाहणारे, कपडे धुणारे, घोड्यांना नाल ठोकणारे इथंच राहिले, दोनचार पेन्शनर हवालदारांना जागा मिळाल्या. बराकींचे दगड लोकांच्या घरांना लागले. कड्याच्या टोकाला गारदीचा, म्हणजे पहाऱ्याचा, ओटा तेवढा उरला, त्याच्या दगडाला कुणी हात लावला नाही.

आणि उरला एक शब्द. धुक्यात समोरून पावलं वाजली की गोरेमाळचा माणूस ओरडतो, “हुकुमदार!” समोरच्यानं “दोस्त” म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं. मग पहिला म्हणतो, “पुढं या.” नाव कळल्याशिवाय कुणालाही पुढं बोलवायचं नाही. गोऱ्या पहारेकऱ्यांचा ‘हू कम्स देअर?’ हा इंग्रजी सवाल तोंडातोंडी झिजून असा झाला, हे इथं कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

गारदीच्या बाजूनं मात्र कधीकधी कुणी नसताना सवाल येतो. त्याला उत्तर द्यायचं नाही, मान खाली घालून चालू लागायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही शिकवतात. अंजनाला ते सयाजीनं, तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं. सांगताना तो हसत होता, पण हसता हसता तिचा हात धरून त्यानं झपाझप पाय उचलले होते, ते तिच्या ध्यानात राहिलं.

पुढं एकाहत्तरच्या लढाईत सयाजी बेपत्ता झाला. मेला असं सरकार म्हणेना, जिता आहे असंही म्हणेना. दुसरं साल दुष्काळाचं. माळावर धुकंसुद्धा धड उतरलं नाही. त्र्याहत्तरचा पावसाळा मात्र मागची सगळी कसर काढायला आला आणि श्रावणात भावकीनं ठरवून टाकलं, वाट बघणं आता बास झालं. सोमवारी दर्भाचा पुतळा करून सयाजीची क्रिया उरकायची, अंजनाचं कुंकू पुसायचं. तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ आकाराम कुपवाडहून येऊन बसला होता. सगळे तिच्याशी इतक्या मायेनं बोलायचे की तिला चीड यायची.

धुक्यानं तिचं कुंकू ओघळायचं. ती दिवसातून कितींदा तरी पुन्हा लावायची, आणि क्रियेचं ठरल्यापासून तर मुद्दाम रुपयाएवढं लावायची.

“अंजे, हट्ट सोड आता,” आकाराम म्हणाला. “दाजी काय येत न्हाईत.”

“त्यास्नी मेल्यालं बघितलंस का तू? मग गप भाकरी खा.”

तिचा हट्ट उगाच नव्हता. दोन दिवसांपूर्वी ती सुटलेली शेरडं शोधायला कड्याकडं गेली होती, तेव्हा ओट्याच्या बाजूनं सवाल आला होता. बैलाला हाळी द्यावी तसा शेवटचा ‘दा’ लांबवून हाक मारणारा माणूस अख्ख्या माळावर एकच होता. ती कशीबशी घरी आली आणि म्हाताऱ्या बशीरचाचाला तिनं ते सांगितलं. बशीरचाचाचा आजा ठाण्यावर पखालीनं पाणी घालायचा. भास झाला असेल असं काही चाचा म्हणाले नाहीत, आणि त्यानंच तिला जास्त भीती वाटली.

“आवाज ज्याचा त्येला येतो, पोरी,” ते म्हणाले. “माज्या आजाला त्येच्या भावाचा यायचा. बसऱ्याच्या लढाईत मेल्याला. पहाऱ्यावर हाईत ती, बदलीच झाली न्हाई. तू उत्तर दिऊ नगंस.”

मग बदली द्यायची कुणी, असं तिनं विचारलं. चाचा उठून आत गेले.

माणूस पहाऱ्यावर उभा आहे आणि इकडं घरात त्याचं पिंडदान चाललंय, हे काही अंजनाला पटेना. रविवारी जेवणं झाल्यावर आकाराम भावकीत बोलणी करायला गेला आणि तिनं डोक्यावर इरलं घेतलं.

धुकं इतकं दाट होतं की भरदुपारी स्वतःचे हात दिसत नव्हते. पायाखालचं गवत संपलं, खडक लागला. ओट्याचा गार, शेवाळलेला दगड हाताला लागला आणि ती थांबली. वारा नव्हता. खाली दरीत कुठंतरी पाणी पडत होतं.

“हुकुमदाऽर!”

मान खाली घालायची नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

“दोस्त,” ती म्हणाली. “अंजना.”

“पुढं या.”

आवाज ओट्याच्या पलीकडून आला होता. ओट्यापलीकडं जमीन नव्हती. अंजना तिथंच पाय रोवून उभी राहिली. ती काही मरायला आली नव्हती, न्यायला आली होती.

“मी न्हाई येनार. तुमी या,” ती म्हणाली. काहीच हललं नाही. तशी तिनं आवाज चढवला. “ऐकलं का? बदली झाली. तुमी घरला या.”

खडकावर बुटाचे खिळे वाजले.

ती वळली आणि चालू लागली. मागं बघितलं नाही. पावलं तिच्या मागं येत होती आणि तिला आनंदानं रडू येत होतं. अर्ध्या वाटेत ती पावलं डावीकडंही वाजायला लागली, मग उजवीकडंही. धुक्यात आवाज फिरतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सासू, शालूबाई, चुलीपुढं संध्याकाळच्या भाकरी थापत होती. अंजनानं धापा टाकत सगळं सांगितलं. शालूबाईचा हात परातीतच थांबला.

“काय म्हनून बोलावलंस?”

“तुमी या, म्हनलं.”

“नाव घेतलं न्हाईस?”

“आत्याबाई, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?”

“अगं,” शालूबाई हळूच म्हणाली, “तितं काय त्यो एकलाच हाय?”

अंजनाला आपल्या तोंडचं ‘तुमी’ पुन्हा ऐकू आलं.

बाहेर भिंतीची झडप खरखरली. मग मागच्या भिंतीची. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. शालूबाईनं पिठाच्या हातानंच दाराला कडी घातली.

अंजना दाराशी गेली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. आज तिनं ते ठणकावून घेतलं.

“सयाजीराव!”

“व्हय,” दारापलीकडून उत्तर आलं.

“व्हय,” गोठ्याकडून आलं.

“व्हय.” हे परसातून.

मग घराच्या चहूकडून, लांब धुक्यापर्यंत, तेच. सगळे आवाज त्याचेच होते.

“ह्यातला आपला कंचा गं?” शालूबाईनं विचारलं.

अंजना घाबरली होती. पण उद्या सोमवार होता. तिनं ओघळलेलं कुंकू बोटानं नीट केलं आणि कडी काढली.

“एकेकानं या,” ती म्हणाली.

उंबऱ्याबाहेरच्या पांढऱ्या धुक्यात कुणीतरी बूट काढायला खाली वाकलं. मग त्याच्या मागचा वाकला. मग त्याच्या मागचा.