सगळ्यांच्या मागून हसणारा

मी ब्लाउज शिवते. एक सूत इकडचं तिकडे झालं तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, त्यामुळे डोळ्यांपेक्षा टेपवर माझा भरवसा जास्त. हे आधीच सांगून ठेवते.

१९९५ साली टीव्हीवर 'धरपकड मंडळ' नावाची मुलांची मालिका लागायची. पंधरा-सोळा वर्षांची चार पोरं चोर पकडायची, आणि चोर दरवेळी शेणात नाहीतर पिठात पडायचे. विनोद बेताचेच, म्हणून हसणारी माणसं वेगळी आणली होती.

ती माणसं आमच्या ह्यांच्या टोळीतली. हे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. जानेवारीत एका सुट्टीला अठरा जणांना टेम्पोत घालून कुठल्याशा हॉलमध्ये नेलं, चहा-वडापाव दिला. समोर खेळ नाही, काही नाही. एक माणूस हात वर करायचा, की सगळ्यांनी हसायचं. हे तिथेही उशिराच. सगळे गप्प झाले की ह्यांचं सुरू व्हायचं, तीन तुटक ठोके आणि शेवटी एक उचकी. सोबती ओरडायचे, "जोत्या, गाडी गेली की लेका."

फेब्रुवारीत ताप आला आणि तिसऱ्या दिवशी हे गेले. मालिका एप्रिलमध्ये सुरू झाली.

पहिल्या रविवारी सकाळी मी नेरूळच्या आमच्या खोलीत काजं करत बसले होते. चोर पिठाच्या पिंपात पडला. सगळे हसले, थांबले. मग ते हसू आलं, उचकीसकट. सुई बोटात गेली आणि मला रडू फुटलं.

खालच्या मजल्यावरच्या केशरबाई टीव्ही बघायला वर येत. "कोन हाय गं ह्यो, मागं ऱ्हायलेला?" त्यांनी विचारलं.

"आमचे हे," मी म्हणाले.

ह्यात नवल काही नाही. एका दिवसाचं हसू भरून ठेवायचं आणि लागेल तिथे ठिगळासारखं जोडायचं. सहा दिवस मशीन आणि मी, सातव्या दिवशी हे. मी रविवारची वाट बघू लागले.

चौथ्या भागात पोरं पोलीस चौकीत मान खाली घालून बसली होती. मी केशरबाईंना म्हणत होते, "एकटीची आमटी करताना मिठाचा अंदाजच येत नाही. काल नुसती खाडी झाली होती."

टीव्हीतून ते हसू आलं. आधी कोणीच हसलं नव्हतं.

केशरबाईंनी बशी खाली ठेवली. "त्येला ऐकू गेलं का काय?"

"जोडणाऱ्याची चूक असेल," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. चोर पळत असताना मी मुद्दाम सांगितलं, की एका नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. ह्यांना गंमत कळायला तेवढाच वेळ लागायचा.

हसू आलं. मग आठवडाभर मी सांगायच्या गोष्टी गोळा करत राहिले.

सहाव्या भागाआधी निवेदिकेने सांगितलं, मालिका आज संपते आहे. तेरा भाग ठरले होते म्हणे, पण बघणारं कोणी नव्हतं.

गोळा केलेली एकही गोष्ट आठवेना. पोरं शेवटच्या चोराला दोरीने बांधत होती.

"अहो," मी म्हणाले, "मला एकटीला नाही राहवत. मला पण न्या."

सगळे हसले. थांबले.

मग हे हसले, उचकीपर्यंत.

त्यांच्या मागून एक बाई हसली.

त्या हॉलमध्ये बायका नव्हत्या. आवाज ओळखायला मला जरा वेळ लागला, कारण आपलं हसू आपण बाहेरून कधी ऐकत नाही. मी तर ओठ घट्ट मिटून बसले होते.

नावं वर सरकली आणि मालिका संपली.

जूनमध्ये केशरबाई पुन्हा येऊ लागल्या. एकदा त्यांनी जावयाची गंमत सांगितली. त्याचा सेक्टर चुकला, आणि तो तसल्याच दिसणाऱ्या बिल्डिंगमध्ये भलत्यांच्या घरी चहा पिऊन आला. मी पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

केशरबाई बोलता बोलता थांबल्या. माझ्या उघड्या तोंडाकडे बघत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय झालं गं उज्ज्वला? आवाज का फुटंना?"