मागच्या दाराचं कुलूप

पुंडलिकमामा कुलपं घ्यायला वर्ध्याला आले, तेव्हा मला हसू आलं होतं. आंजीतल्या त्यांच्या घरानं कधी कुलूप पाहिलं नव्हतं. पुढच्या दाराला आतून कडी, मागच्या दाराला आतून कडी, आणि गावाला जायचं झालंच तर शेजारच्या कमलाबाईंना 'जरा लक्ष ठेवा' एवढं सांगितलं की झालं. तेच मामा त्या दुपारी लोखंडी सामानाच्या दुकानात एकेक कुलूप हातात घेऊन जोखत होते. अठ्ठावन्न साल असेल. मी वर्ध्यात मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि शिकलेली भाची म्हणून मामांनी मला सोबत घेतलं होतं. कुलपातलं मला काय कळणार, पण शिकलेल्या माणसाला सगळंच कळतं असं मामांना वाटायचं.

पुढच्या दाराचं कुलूप पटकन ठरलं, साधंच पितळी. मागच्या दाराचं मात्र ठरता ठरेना. दुकानदारानं लहान दाखवलं, मोठं दाखवलं. मामा प्रत्येक कुलूप लावत, दोन्ही हातांनी ओढून बघत आणि परत ठेवत. दुकानदार वैतागून म्हणाला, घरात एवढा काय खजिना आहे? मामांनी दुसरं कुलूप मागितलं. शेवटी एक काळं, जड कुलूप त्यांना पसंत पडलं. उघडायला किल्ली लागायची, पण लावायला नुसतं दाबलं की बसायचं.

"हे बेस आहे," ते म्हणाले. "घाईत लावता येते."

मागच्या दाराला घाईत कुलूप कशाला लावायचं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी नुसती पिशवी पुढे धरली.

मामांचा स्वभाव आधी सांगायला हवा. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं धाम नदीत सोडले. जुन्या रीती एकेक करून काढून टाकल्या. आमच्याकडे दिवेलागणीला पुढचं दार उघडं आणि मागचं बंद ठेवायची रीत, लक्ष्मी पुढून यावी आणि अवदसा मागून शिरू नये म्हणून. मामांनी मुद्दाम मागचं दार संध्याकाळी सताड उघडं ठेवायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं दाखवायचे. चांगलंच होतं ते. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रेमदास. तो शेती सोडून, न सांगता पुलगावच्या गिरणीत कामाला गेला. मामा भडकले. 'पुन्हा या घराच्या पुढच्या दारानं येऊ नको' असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. बाप तसा लेक. प्रेमदास वर्षभर फिरकला नाही, आणि मग सत्तावनच्या श्रावणात एका सकाळी परसातल्या पायरीवर मरून पडलेला सापडला. कपाशीतून मागच्या वाटेनं येताना पान लागलं होतं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. रात्रभर तो तिथंच होता. त्या संध्याकाळी मागचं दार नेमकं बंद होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आंजीला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शकुमामींनी काळं कुलूप पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मामा बाहेर हातपाय धुवायला गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या.

"मागच्या दाराले नको लावू देऊ त्यायले."

"काऊन, मामी?"

"दिवेलागणीले ते दार आपोआप उघडून राह्यलं. रोज. कडी म्या सोता लावतो..." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "उघडू दे ना माय. कोनाचं काय जाते?"

मी त्यांची समजूत घातली. वारा असेल, कडी ढिली असेल, असं शिकलेल्या माणसानं म्हणावं तसं सगळं म्हटलं. तेवढ्यात मामा आत आले. त्यांनी कडी चढवली, कुलूप अडकवून दाबलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

दिवेलागण झाली. मी कंदिलाची काच पुसत होते. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या धुमसत होत्या आणि घरभर धूर कोंडला होता. बाहेरचे आवाज एकेक करून बंद झाले. गोठ्यातली गायसुद्धा रवंथ करायची थांबली.

मग दार वाजलं.

माणूस उभा राहून दार वाजवतो तसं नाही. खाली, अगदी उंबऱ्याजवळ. पायरीवर बसलेल्यानं, हात वर उचलवत नाही म्हणून, बोटांनीच वाजवावं तसं. थोडं थांबून पुन्हा. मामी उठल्या नाहीत, नुसत्या मामांकडे बघत राहिल्या. मला वाटतं, वर्षभर त्या तशाच बघत होत्या.

मामांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"त्या दिवशी पानी होता म्हनून दार लोटलं होतं. असंच वाजलतं... 'बाबा' म्हनून हाकबी मारली. म्या आवाज ओळखलता." ते मान खाली घालून बोलत होते. "दारापाशी आलो होतो. मनात आलं, आता कसा आला. अन् म्या कडी घातली. कोन हाय म्हनून तुही मामी पुसाले लागली, तं म्हनलं, दिवेलागणीले मागचं दार उघडत नसते."

जी रीत मामांनी देवांबरोबर नदीत सोडली होती, ती त्या एका संध्याकाळी त्यांनी परत काढली होती. लेकाला दार न उघडण्यासाठी! मला रडू आलं, आणि रागही आला. कुणावर, ते आजही सांगता येत नाही.

मामांनी करदोड्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं, कडी काढली आणि दार ओढलं. दार बोटभर सरकलं आणि परत बसलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा बोटभर, आणि पुन्हा मागे. पलीकडून कुणीतरी धरून ठेवलं होतं. फार जोर लावून नव्हे. फक्त मामांच्या जोराइतकाच.

"प्रेमदास," मामा म्हणाले. "ये बाबू... घरात ये."

पुढून वळसा घालून मीच धावत परसात गेले. पायरीवर कुणी नव्हतं. त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. मी हात लावला आणि दार अलगद आत उघडलं. समोर मामा उभे होते, दोन्ही हात दार ओढण्यासाठी पुढे केलेले.

त्यानंतर वर्षभर ते कुलूप लागलं नाही. कडीत उघडंच लोंबकळत राहिलं. किल्ली मामींनी आपल्या पिशवीत ठेवून दिली. मामा मात्र रोज दिवेलागणीला ते दार उघडायला जायचे, आणि ते त्यांच्या हातानं उघडायचं नाही. मामींच्या हातानं उघडायचं. मामा दाराला कपाळ टेकून काहीतरी बोलायचे. काय, ते मामींनी मला कधी सांगितलं नाही.

पुढल्या वर्षी माझ्या लग्नाला मामी एकट्याच आल्या. दिवेलागणीला घरी असायला पाहिजे, म्हणून मामा राहिले. दुसऱ्या दिवशी कमलाबाईंचा निरोप आला आणि आम्ही आंजीला धावलो.

मामा परसात पायरीवर बसलेले होते. डोकं दाराला टेकलेलं, उजव्या हाताची बोटं उंबऱ्याजवळ. अंग गार पडलेलं, पण कुठं खूण नव्हती. आत जायला कुणाला वाट सापडेना, म्हणून गावकऱ्यांनी पुढचं दार फोडलं. ते आतून बंद होतं. मागचंही आतून बंद होतं, कडी चढवलेली आणि काळं कुलूप दाबून बसवलेलं. त्याची किल्ली आमच्यासोबत मामींच्या पिशवीत होती.

घरात कुणी नव्हतं. कोनाड्यात फक्त दिवा लावलेला होता. रात्रभर जळून आता विझायला आलेला.

मामींनी त्याच्यात तेल घातलं आणि वात सारली.

"पोरानंच लावला असन," त्या म्हणाल्या.