स्टील की टायटॅनियम?

मयेच्या तळ्याजवळ प्रज्योत कोरगावकरनं मागे न बघता गाडीचं दार उघडलं आणि स्कूटरवरून येणारी सिद्धी थेट त्या दारावर आदळली. पहिली भेट ही अशी! तिच्या एका हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. वर वैताग म्हणजे, हाडं जोडायच्या प्लेटा नि स्क्रू डिचोलीच्या इस्पितळात पोचवायचं कामही ह्याच कोरगावकराचं.

सकाळपासून दहादा माफी मागून आता तो नमुन्याच्या दोन प्लेटा घेऊन तिच्या खाटेशी उभा होता. “दोन्ही चालतील, संध्याकाळपर्यंत ठरवा,” म्हणून डॉक्टर गेले होते, आणि ठरवायला म्हणून सिद्धीचे बाबा मुळगावच्या देवळात कौल लावायला गेले होते.

“तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?”

“टायटॅनियम. हलकं. हाड त्याला धरून बसतं, सहसा काढावं लागत नाही...” तो अडखळला. “तसं — स्टीलही बरं. वर्ष-दीड वर्षानं काढता येतं.”

“अहो, एक काय ते बोला! सकाळपासून नुसते फिरवताय मला.”

त्यानं मान खाली घातली. त्या लांब पापण्या झुकल्या की तिचा राग पातळ व्हायचा, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. प्रज्योतनं तो तिच्या कानाशी धरला.

“बाय, स्टीलला उजवी पाकळी पडली. देवाचा होकार!”

“बरं.”

“मग खात्रीसाठी टायटॅनियमचंही विचारलं गो... तीही उजवीच!”

“बाबा, देवालाही वैताग आणलात!”

फोन बाजूला घेताना त्याची बोटं तिच्या केसांना लागली... आणि क्षणभर तिथंच राहिली.

“खरं सांगू? तुमच्यासाठी टायटॅनियमच बरं. पण स्टील असलं तर... प्लेट काढायला तुम्ही परत याल. भेट होईल.”

“म्हणजे मला भेटायला माझा हात परत कापणार?”

“म्हणून तर टायटॅनियम म्हणतोय गो —” ‘गो’ तोंडातून गेलं तशी त्यानं जीभ चावली.

सिद्धीनं ओठ घट्ट मिटले, तरी हसू निसटलंच.

“टायटॅनियमच आणा. दीड वर्ष कोण थांबतंय तुमच्यासाठी? मला घरी सोडलं की रविवारी मुळगावला या, पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन. आणि माफी पुरे झाली हां. दुसरं काहीतरी मागा.”

“काय मागू?”

सिद्धीनं कपाळाला हात लावला — तो एक तरी धड होता.

“अरे देवा! तेही मीच सांगू?”