आज रस्त्यावर मेंढ्या नव्हत्या

मे महिन्यातल्या त्या सकाळी क्लिओनाने करकचून ब्रेक लावला नसता, तर फिनबारच्या कळपातल्या दोन-तीन मेंढ्या तरी नक्की कमी झाल्या असत्या.

आयर्लंडमधल्या बेरा द्वीपकल्पाच्या टोकाकडे जाणारा तो घाटरस्ता जेमतेम एका गाडीपुरता. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि मधोमध मेंढ्या — अगदी निवांत! सहलीच्या मिनिबसमधले प्रवासी खुशीत फोटो काढायला लागले. क्लिओनाने हॉर्न दाबला. एकदा... दोनदा...

“दाबा, दाबा,” धुक्यातून एक उंच, चिंब भिजलेला तरुण पुढे आला. “बहिऱ्या नाहीत त्या. तुमची पर्वा नाही त्यांना, एवढंच.”

“आणि त्यांच्या मालकाला?”

त्याने टोपी मागे सारून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“मालक विचार करतोय.”

तेव्हापासून रोज पावणेबाराला तोच रस्ता, त्याच मेंढ्या आणि दोघांची पाच मिनिटांची जुगलबंदी. जूनमध्ये ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो आईबरोबर डोंगरावरची शेती सांभाळतो, चहात तीन चमचे साखर घालतो, हसताना खाली बघतो... पाच पाच मिनिटांत आणखी कळणार तरी किती?

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिने खिडकीची काच खाली केली. “उद्या माझी शेवटची फेरी. मग मी गॉलवेला. संग्रहालयात कायमची नोकरी लागलीय.”

फिनबार नुसतं “बरं” म्हणाला आणि मेंढ्या हाकायला लागला.

बरं! एवढंच? क्लिओनाने पुढचं वळण इतक्या रागात घेतलं, की मागे कोणाचा तरी चहा सांडला.

रविवारी सकाळी ग्लेनगॅरिफ गावच्या चौकात बारा प्रवासी चढले. तेरावा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, हातात तिकीट घेऊन उभा होता.

“तू?”

“बेरा बघायचंय.”

“जन्म गेला तुझा बेरात!”

“मेंढ्यांच्या पाठी बघण्यात गेला. समोर काय आहे, कधी पाहिलंच नाही.” आणि तो सरळ तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

शेजारी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विलेमीनबाई होत्या. वय सत्तर, कान तिखट. “कुठून आलात?” त्यांनी विचारलं.

“इथलाच.”

“मग ही सहल?”

“गाइड चांगली आहे, असं ऐकलं.”

आरशात क्लिओनाचे कान लाल झालेले दिसत होते. त्या दिवशी तिने एका किल्ल्याचं नाव चुकवलं, दुसऱ्याची गोष्ट दोनदा सांगितली. घाटात पोचली तेव्हा रस्ता रिकामा होता. तिने उगीचच गाडी हळू केली.

“इथे रोज मेंढ्या असतात,” ती माइकवर म्हणाली. “आज... आज नाहीत.”

“मालक रजेवर आहे,” मागून आवाज आला.

टोकाला केबल कारचा पाळणा होता. समुद्रावरून पलीकडच्या डर्सी बेटावर नेणारा, एका वेळी सहा माणसांचा. दोन फेऱ्यांत बारा जण गेले. फिनबार जागचा हलेना.

“मला उंचीची भीती वाटते.”

“डोंगरावर राहतोस ना रे?”

“डोंगर हलत नाही.”

खाली लाटा खडकांवर फुटत होत्या. रिमझिम सुरू झाली. त्याने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला आणि म्हणाला, “एक सांगू? त्या रस्त्यावर गवताचं एक पातं नाही. माझं कुरण वर, दोन तासांच्या चढावर आहे.”

“म्हणजे... तू रोज मुद्दाम मेंढ्या खाली आणत होतास?”

“रोज. त्या फार वैतागल्यात माझ्यावर.”

तिला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरून आले. “मग काल नुसतं ‘बरं’ का म्हणालास?”

“‘जाऊ नकोस’ म्हणायचा मला काय हक्क? तुला ती नोकरी हवी आहे. तू जायलाच हवंस.” तो खाली बघून हसला. “पण पुढच्या रविवारी मी तिकडे आलो तर... चालेल?”

“गॉलवेला पाच तास लागतात, फिनबार.”

“पाच मिनिटांसाठी चार तास चालणाऱ्याला सांगतेस?”

क्लिओनाने ओल्या कोटातून हात बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वाकून, अगदी जपून, तिच्या कपाळावर ओठ टेकवले. नेमका तेव्हाच पाळणा परत येत होता. खिडकीत सहा चेहरे काचेला चिकटले होते.

सगळे चढल्यावर गाडी सुटली. कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मात्र कमालीचा शहाणपणा होता.

पहिलं वळण गेल्यावर क्लिओना हळूच मागे झुकली. “रविवारी लवकर निघ. आणि ऐक... मघाशी केलंस ना, त्याला आम्ही चुंबन म्हणत नाही हं. ते आजीचं घेतात.”

गाडीत हास्याचा स्फोट झाला. माइक चालूच होता!

“आमची काळजी करू नका,” विलेमीनबाई ओरडल्या, “पुढच्या थांब्यावर आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहू!”

क्लिओनाला वाटलं, आत्ताच्या आत्ता डोंगर फाटावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून फिनबार माइकपाशी वाकला. त्याने गंभीरपणे घसा खाकरला.

“गाइडबाई, एक शंका आहे. हा पुढचा थांबा... किती लांब आहे?”