आवाज आहे, चित्र नाही

साळुंकी आली ती कीबोर्डच्या खोक्यातून. खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडलेली, आत घडी घातलेला रुमाल, आणि ते छातीशी धरून दारात उभा असलेला तरुण धावत आल्यासारखा धापा टाकत होता.

"दुकानाच्या पंख्यात सापडली," तो म्हणाला. "कोपऱ्यावरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझंच. पंखा लगेच बंद केला, पण... तिचा पंख काही ठीक दिसत नाही."

शनिवारची दुपार होती आणि जनावरांच्या त्या छोट्या दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी खोकं टेबलावर घेतलं. बाई म्हणायचं खरं, पण वय अवघं एकोणतीस. वडिलांचे हात थरथरायला लागले आणि दवाखाना तिच्याकडे आला, त्या दिवसापासून सगळ्या पेठेनं तिला बाई करून टाकलं होतं. तिनं साळुंकी त्याला दोन्ही हातांनी धरायला लावली आणि दोन बोटांनी अलगद पंख उलगडला.

"हाड शाबूत आहे. मुका मार. चार दिवस बांधून ठेवू."

इतक्यात आतल्या खोलीतून एक भारदस्त आवाज आला. "हे बघ, पातं असं धरायचं. असं नाही... असं." मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच, "हे बघ, पातं असं धरायचं..."

"आत कुणी शिकवतंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"बाबा. म्हणजे बाबांचा जुना आवाज. खरे बाबा त्याच्यासमोर बसून स्वतःवरच वैतागलेत."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि दोन्ही हात साळुंकीत अडकल्यामुळे त्याला तो वर करता येईना. तिनं तो बोटानं वर ढकलला—आणि मग आपण हे काय केलं, असं वाटून ती उगाचच कापूस शोधायला वळली.

"आवाज येतोय आणि चित्र नाही, असंच ना?" तो म्हणाला. "कोडेक नसेल. बघू का?"

ती थबकली. दोन दिवस ती त्या काळ्या पडद्यापुढे डोकं आपटत होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचं चाळीस वर्षांचं कासव सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर येणार होतं. पोटात मोठा खडा. कवचाला खालून खिडकी कापायची, खडा काढायचा आणि तोच तुकडा परत बसवून सांधायचा. तिनं हे कधी केलं नव्हतं. बाबांनी केलं होतं, एकदाच, आणि त्याचं चित्रीकरण केलं होतं. कापायचा कोन किती, हे त्यांना विचारलं तर ते तीनदा सांगत आणि तिन्ही वेळा वेगळं सांगत. आणि ते घड्याळवाले आजोबा तर कासवाला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणायचे, इतका त्यांचा त्याच्यावर जीव.

"बघा," साळुंकीचा पंख बांधून होताच ती म्हणाली. "पण बाबांना विचारून. तो कॉम्प्युटर त्यांचा जीव की प्राण आहे."

बाबांनी पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं. "नवा घ्या म्हणून सांगणार असाल तर चहा मिळणार नाही."

"नाही काका. हा चांगला आहे, फक्त म्हातारा आहे. नवा प्लेअर याला झेपणार नाही. याच्या वयाचाच शोधायला हवा."

बाबांनी खुर्ची रिकामी करून दिली.

त्यानं सगळ्यात आधी कुठल्याही फाईलला हात न लावता पूर्ण डिस्कची प्रत काढायला घेतली. ते व्हायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात त्यानं तिला समजावलं, "फाईल म्हणजे डबा. डब्याचं नाव ओळखीचं असतं, पण आत चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. प्लेअरला आवाज उलगडता येतोय, चित्र नाही. ते उलगडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे कोडेक."

"मग तो टाका."

त्यानं दुकानातून जुन्या सीडींची थप्पी आणली, एक घातली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा निळाशार झाला आणि तसाच राहिला.

तिचा चेहरा उतरला. "पंचवीस वर्षांचं काम आहे त्यांचं त्यात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"माझी चूक. घाईत मी नंतरच्या काळातला कोडेक टाकला," तो म्हणाला. सारवासारव नाही, कारणं नाहीत. "पण काम गेलेलं नाही. सगळी प्रत इथे आहे." त्यानं खिशातली छोटी डिस्क काढून तिच्या तळहातावर ठेवली. "हे सुरळीत होईपर्यंत ही तुमच्याकडेच राहू द्या."

ती डिस्क अजून कोमट होती. तिनं मूठ मिटली आणि का कोण जाणे, तिचा राग तिथेच विरघळला.

चुकीचा कोडेक काढून त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि दुसऱ्या सीडीनं काम केलं. पडद्यावर बाबा आले—काळे केस, भक्कम हात. पातं तिरपं, आतल्या बाजूला झुकलेलं, म्हणजे कापलेला तुकडा आत पडत नाही, झाकणासारखा बसतो. ती खुर्चीच्या टोकावर येऊन बघत राहिली. तो मात्र पडद्याकडे बघत नव्हता.

"माऊ, बघ," बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी हेच सांगत होतो."

"माऊ?" तो पुटपुटला.

"हे नाव या खोलीबाहेर गेलं," ती म्हणाली, "तर तुम्हाला कुत्र्यांचं इंजेक्शन."

तुकडा परत बसवण्याचा दुसरा भाग मात्र उघडेचना. चित्रीकरण संपायच्या आतच कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती, त्यामुळे फाईलच्या शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिका लिहिलीच गेली नव्हती. आत सगळं होतं, पण कुठे काय, ते प्लेअरला कळत नव्हतं.

"त्याच कॅमेऱ्याची एखादी धडधाकट फाईल लागेल," तो म्हणाला. "तिच्यावरून हिची घडण ओळखायची आणि..."

"रक्तदान," ती म्हणाली. "त्याच जातीच्या निरोगी जनावराकडून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "आठ वर्षं लोकांना हे समजावतोय. एका शब्दात कुणी सांगितलं नव्हतं."

रविवारी दुपारी ती फाईल उघडली.

सोमवारी त्यानं दुकान उघडलंच नाही. बाहेरच्या बाकावर तो घड्याळवाल्या आजोबांशेजारी बसून राहिला. आजोबा रिकामा स्वेटर मांडीवर घेऊन दर पाच मिनिटांनी मनगट बघत होते. अडीच तासांनी दार उघडलं. तिच्या हातातल्या वाटीत लिंबाएवढा पांढरा खडा होता.

"कासव ठीक आहे," ती आजोबांना म्हणाली. आजोबांनी स्वेटर तोंडाला लावला. आणि मग तिनं मास्क खाली ओढून ती वाटी शेजारी बसलेल्या त्याच्या हातात ठेवली.

बाबांच्या बाकीच्या एकशे चाळीस फाईली नव्या कॉम्प्युटरवर चालतील अशा करून देतो, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. रोज संध्याकाळी सहाला यायचा, तीन-चार करायचा, चहा घ्यायचा, बाबांचे जुने किस्से ऐकायचा आणि जाताना दारात जरा जास्तच रेंगाळायचा. साळुंकी चार दिवसांत उडून गेली, तो मात्र असा सव्वा महिना येत राहिला. शेवटच्या फाईलच्या दिवशी ती दारापर्यंत आली.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"एवढ्या सगळ्या फाईली एकदम लावून ठेवता आल्या असत्या ना? एकामागून एक, आपोआप?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एका दिवसात झाल्या असत्या."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो असतो?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला तुम्ही... म्हणजे मला इथे यायला आवडतं. इथे म्हणजे तुमच्याकडे. हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. पण मी अशा बाबतीत फार हळू चालतो."

ती चौकटीला टेकली. आतून बाबा खोकले, जरा जास्तच मोठ्यानं, आणि मागचं दार लावून अंगणात निघून गेले.

"मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "भाचीनं तिच्या कॉम्प्युटरवर दाखवलं, सगळ्या एकदम कशा लावायच्या ते."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही एका दिवसात संपवल्या असत्या."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्याचा हात तिच्या हाताशेजारी चौकटीवर होता, मग तिच्या हातावर होता, आणि तो तिथे कसा आला, ते दोघांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

"उद्या काही काम काढून यायची गरज नाही," ती म्हणाली. "नुसता ये."

'या'चं 'ये' झालेलं त्याला ऐकू आलं. तो पायरी उतरला, दोन पावलं गेला आणि वळला.

"किती वाजता येऊ... तू सांग."

"सहाच्या आधी," ती म्हणाली.