चपला घालताना

आंबेदऱ्याच्या वेशीवर दोन पाट्या होत्या. पहिली जुनी, 'आंबेदरा आपले स्वागत करीत आहे' अशी. त्यातला 'स्वागत' हा शब्द कुठल्याशा ट्रकने खरवडून नेला होता. दुसरी नवी, निळी, सरकारी. तिच्यावर लिहिलं होतं : 'संपृक्त गाव. आरोग्य, शिक्षण, पाणी व इतर चौदा विषयांवरील येथील मत पूर्ण झाले आहे. कृपया पुन्हा विचारू नये.'

परक्या माणसाला ही पाटी उद्धट वाटायची. गावाला मात्र तिचा अभिमान होता. पलीकडचं बोरशेत अजून तीन विषयांत कच्चं होतं आणि तिथल्या लोकांना अजूनही कुणी ना कुणी घरी येऊन प्रश्न विचारायचं. आंबेदऱ्याची पोरं बोरशेतच्या पोरांना त्यावरून चिडवायची.

ही सगळी करामत 'सारक' नावाच्या यंत्राची. नाव ठेवणाऱ्या समितीत एकही वैद्य नव्हता, त्यामुळे नावात काही गैर आहे हे फार उशिरा लक्षात आलं. सारकचं काम सोपं होतं. राज्यभर माणसं घरोघर जाऊन मुलाखती घेत. त्यांच्याजवळ एक ध्वनिमुद्रक असे, त्याला लोक डबी म्हणत. डबीतलं बोलणं सारककडे जाई. सारक त्या बोलण्याचे बारीक तुकडे करी, प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी लावी : ही तक्रार, ही भीती, ही नुसतीच सवय. मग सारख्या चिठ्ठ्या एकत्र बांधून त्यांचं एक सूत्र काढी. पूर्वी एका जिल्ह्याच्या चिठ्ठ्या लावायला विद्वानांना तीन वर्षं लागत आणि शेवटी त्यांच्यात भांडणं होत. सारकला अकरा मिनिटं लागत, आणि भांडायला त्याच्यासमोर कुणी नसे.

या डब्या घेऊन एकोणतीस वर्षं ज्यांनी उन्हातान्हात घरं पालथी घातली, त्यांपैकी एक म्हणजे तेजस्विनी सोनटक्के. वय अडुसष्ट, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, मुक्काम आंबेदरा. त्या सोमवारी सकाळी दवाखान्याच्या भिंतीवर एक सूचना चिकटली आणि तिच्यात सोनटक्केबाईंचं नाव छापून आलं. छापील नाव येण्याची त्यांची ही दुसरी वेळ. पहिली लग्नपत्रिकेत.

'येत्या पहिल्या तारखेपासून बाळंतपणाची सोय देवफाटा महाआरोग्य केंद्रात. अंतर एकेचाळीस किलोमीटर. आधार : आंबेदरा मुलाखतसंच, मुलाखती दोनशे चौदा, मुलाखतकार ते. सोनटक्के. निष्कर्ष : स्थलांतरास हरकत नाही.'

बाईंनी सूचना दोनदा वाचली. शेजारच्या ऋतुजा आव्हाड बाजूला उभ्या होत्या. त्यांची सून कियारा आठव्या महिन्यात होती. ऋतुजांनी सूचनेकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पहिल्या तारखेला सतरा दिवस होते. सोनटक्केबाईंनी घरी जाऊन साडी बदलली आणि शहराची बस धरली.

सारक जिथे ठेवलं होतं त्या इमारतीत चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्राला धूळ सोसत नाही, असं कारण होतं. लोक आत जाताना नमस्कारही करत, ते आपण होऊन. तिथले मुख्य शास्त्रज्ञ डॉ. विहान टिपरे. विद्यार्थी असताना ते महिनाभर बाईंच्या मागे घरोघर हिंडले होते, आणि दोन वेळा कुत्रं चावल्याचं अजून सांगायचे.

"बसा काकू," विहान म्हणाले. टेबलावर त्यांची स्वतःची डबी लाल दिवा लुकलुकवत होती. "चहा?"

"चहा घेईन. पण आधी मला सांग, माझ्या मुलाखतींत दवाखाना हलवा असं कोण म्हणालं?"

"हलवा असं कुणीच म्हणालं नाही. हलवू नका, असंही कुणी म्हणालं नाही. गाव संपृक्त आहे, काकू. साखरेचं उदाहरण देतो."

"दे. तुम्हा शास्त्रज्ञांना साखरेशिवाय काही समजावता येत नाही."

विहाननी पाण्याचा ग्लास पुढे ओढला. "पहिला चमचा घातला, विरघळला. दुसरा विरघळला. एक वेळ अशी येते की पुढचा चमचा विरघळतच नाही. मुलाखतींचं तसंच. पहिल्या मुलाखतीत वीस नवे मुद्दे मिळतात, दहाव्यात पाच, मग एखादा. मग तेच तेच. तेच तेच यायला लागलं की समजायचं, गावाला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. आंबेदऱ्यात दवाखान्याबद्दल एकेचाळिसाव्या मुलाखतीनंतर एकही नवा मुद्दा नाही. तरी तुम्ही दोनशे चौदा घेतल्यात. सारकने तुमच्या चिकाटीची खास नोंद केलीय."

"कुठे?"

"'अनावश्यक श्रम' या सदरात."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "आणि विरघळली नाही ती साखर जाते कुठे रे?"

"जाते कुठे म्हणजे? तळाशी बसते."

"मग तुझं यंत्र तळाशी बघत नाही वाटतं."

विहान हसले, पण डबीकडे बघून हसले. "तळाशी काय आहे, काकू?"

मग सोनटक्केबाईंनी एकोणतीस वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. मुलाखतीला गेलं की घरातली एकुलती एक चांगली खुर्ची पुढे येते. चहा येतो. समोर सासरा, नवरा, दीर, दारात दोन शेजारी. बाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. डबी स्टुलावर. दवाखाना कसा आहे? चांगला आहे. पाहुण्यासमोर घरातलं रडगाणं गायची आपल्याकडे रीत नाही. लांब गेला तर? नवरा म्हणतो, गाडी आहे की. मग सगळे म्हणतात, हो, गाडी आहे. मग नियमाप्रमाणे विचारायचं, आणखी काही सांगायचंय का? नाही. मग नियमाप्रमाणे डबी बंद करायची.

"आणि मग मी निघते," बाई म्हणाल्या. "ती मला पोचवायला उंबरठ्यापर्यंत येते. बाकीचे आतच. मी खाली वाकून चपला शोधते. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, विहान. चेहरा दिसला नाही की खरं बोलायला सोपं जातं. तेव्हा ती बोलते. दोन वाक्यं, फार तर तीन."

"किती जणी बोलल्या?"

"मोजलं नाही. नियम सातवा : डबी बंद झाल्यावरचं बोलणं हे बोलणं नव्हे. मी नियम पाळला. फक्त चपला जरा हळू घालायचे."

विहान अगदी स्वच्छ, नोंदीच्या आवाजात म्हणाले, "डबीत नाही ते सारकच्या लेखी घडलेलंच नाही. अपिलाची तरतूद आहे. तीन वेगळ्या घरांत, तीन मुलाखतींत, एकच नवा मुद्दा आला तर त्याला 'संपृक्तीभंग' म्हणतात. निर्णय थांबतो. मात्र परवानगीशिवाय डबी चालू ठेवता येणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

"मला शिकवतोस?"

"नाही. नोंदीसाठी म्हटलं."

त्यांनी बाईंना एक डबी दिली आणि पोचवायला दारापर्यंत आले. त्यांची स्वतःची डबी आत टेबलावरच राहिली. बाई चपला घालायला वाकल्या. तेव्हा वरून विहानचा आवाज आला, आधीपेक्षा बराच हळू.

"दिवा आणि डबी वेगळी आहेत, काकू. मागच्या बाजूचं बारीक बटण दाबलं की फक्त दिवा विझतो." थोडं थांबून ते म्हणाले, "मी काही बोललो नाही."

"मी काही ऐकलं नाही," सोनटक्केबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या चपलेचा अंगठा शोधू लागल्या.

बाई मुळात नियमाच्या. त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. आव्हाडांच्या घरी गेल्या, डबी स्टुलावर ठेवली आणि दिवा लावून विचारलं, "ऋतुजाताई, दवाखाना देवफाट्याला गेला तर तुमच्या घरात काय अडचण येईल? मनात असेल ते सांगा. गावाचा प्रश्न आहे."

ऋतुजांचा मुलगा अथर्व समोर बसला होता. दुपारचे बारा वाजले होते, त्यामुळे तो अतिशय सभ्य दिसत होता.

"अडचण कसली?" तो म्हणाला. "गाडी आहे की दारात."

"हो," ऋतुजा म्हणाल्या. "गाडी आहे."

"गाडी आहे," आतून कियाराही म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं, दुसऱ्या बाजूने येऊन विचारलं. गाडी होती. एकोणतीस वर्षांत त्यांना गाडीचा इतका राग आला नव्हता.

"बरं, बंद करते," त्या म्हणाल्या. डबी उचलून त्यांनी मागचं बटण दाबलं. दिवा विझला. डबी त्यांनी पिशवीत टाकली.

उंबरठ्यावर ऋतुजा आल्या. बाईंचा एक हात चपलेकडे आणि दुसरा पिशवीत होता. बोटाखाली डबी चालू असल्याची बारीक थरथर लागत होती. खरंखुरं बंद करायला एक टिचकी पुरली असती. तेवढ्यात आतल्या खोलीत कियारा पाण्याची कळशी उचलायला वाकली, आणि उचलता न आल्याने भिंत धरून तशीच उभी राहिली. सोनटक्केबाईंनी पिशवीतला हात रिकामा बाहेर काढला.

"गाडी आहे हो बाई," ऋतुजा खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण पाचच्या पुढं तो स्वतः उभा राहिला तरी मी देवापुढं साखर ठेवते. त्याच्या हातात गाडी, मागं ही अशी पोर, आणि घाटाची बावीस वळणं. मी तिला घरातच बाळंत करीन, मरू दे नाहीतर जगू दे. पण त्या गाडीत बसवायची नाही." मग बाईंच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं."

"नाही सांगत," सोनटक्केबाई म्हणाल्या. आणि त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही. पिशवीने सांगितलं.

दुसऱ्या घरात गाडी होती, पण नवऱ्याच्या ऐवजी दीर पीत होता. तिसऱ्या घरातली बाई पिण्याबद्दल बोललीच नाही. "मागच्या खेपेला चाक दरीच्या बाहेर लोंबत होतं," एवढंच म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. बाईंनी तिन्ही घरी चपला अतिशय हळू घातल्या.

सारकला नवं सूत्र काढायला या खेपेस चौदा मिनिटं लागली. तीन मिनिटं त्याने विचार केला असावा. 'संपृक्तीभंग' असा शेरा आला. निर्णय थांबला, वेशीवरच्या निळ्या पाटीवर पोतं बांधण्यात आलं, आणि बोरशेतच्या पोरांनी आंबेदऱ्याच्या पोरांना जे चिडवायचं ते चिडवून घेतलं. पुढच्या महिन्यात कियारा पायी सात मिनिटं चालत दवाखान्यात गेली. मुलगी झाली. सव्वातीन किलोची, आवाज खणखणीत. सोनटक्केबाई बाकावर बसून होत्या. रडणं ऐकलं आणि त्यांनी, आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून, दवाखान्याच्या भिंतीला हात लावला.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं होतं. पण सारक जिद्दी होतं. एकदा चूक सापडली की ते माणसासारखं तोंड लपवून बसत नसे, ती चूक राज्यभर दुरुस्त करून मोकळं होई. विहान टिपऱ्यांच्या निबंधाने या नव्या खाणीला 'उंबरठा-आशय' असं नाव मिळालं आणि विहानना बढती मिळाली. सारकने हिशेब मांडला : माणसं जे खरं बोलतात त्याचा तिसरा हिस्सा डबी बंद झाल्यावर बोलतात. मग नियम सातवा रद्द झाला. डबी बंद करू नये, मुलाखतकार घरापासून शंभर पावलं जाईपर्यंत ती चालू राहील, असा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात लिहिलं होतं : 'पादत्राणे घालण्याचा कालावधी किमान चार मिनिटे असावा.'

राज्यभर हजारो माणसं उंबरठ्यावर वाकून चार-चार मिनिटं चपला घालू लागली. पहिले तीन महिने खरं बोलणं धो धो आलं. त्यातून रस्ते झाले, दोन धरणांची कामं थांबली, एका जिल्ह्यात सगळ्याच्या सगळ्या शाळांच्या वेळा बदलल्या. मग ओघ आटला. मग तेच तेच येऊ लागलं.

निर्णय थांबवताना आंबेदऱ्याचा जो अहवाल छापला गेला, त्यात कुणाचंही नाव नव्हतं. फक्त 'महिला, वय साठ, घरी गर्भवती सून, घरातील पुरुष चालक' एवढंच होतं. गाव तीनशे उंबऱ्यांचं. अथर्वने वाचलं. त्या दिवसापासून त्याने आईशी बोलणं सोडलं. पिणं सोडलं नाही.

सातव्या महिन्यात नातीचं उष्टावण होतं. ऋतुजांनी सोनटक्केबाईंना बोलावलं. पोरीने खिरीचा पहिला चमचा थुंकला, दुसरा गिळला, तिसऱ्यासाठी चमचाच धरून ठेवला. सगळे हसले. खुर्ची बाईंनाच मिळाली. निघताना ऋतुजांनी खिरीचा डबा भरला आणि स्वतःच्या हाताने बाईंच्या पिशवीत ठेवला.

बाई उंबरठ्यावर आल्या. मागोमाग ऋतुजा आल्या, चौकटीला टेकल्या. आतून कुणी येत नव्हतं. गल्ली रिकामी होती. सोनटक्केबाई खाली वाकल्या.

"अथर्व बोलतो का आता?" त्यांनी चपलेकडे बघत विचारलं.

वरून काही आलं नाही. बाईंनी मान जराशी वळवली. ऋतुजा त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या पिशवीकडे बघत होत्या. पिशवीत डब्याचा गोल उंचवटा दिसत होता.

"दवाखाना जवळ आहे," ऋतुजा पिशवीला म्हणाल्या, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा करत. "सेवा समाधानकारक आहे. आमच्या घरात कसलीही अडचण नाही."

"ऋतुजाताई, त्यात खीर आहे."

"हो ना," ऋतुजा गोड हसून म्हणाल्या. "या पुन्हा."

दार लागलं. कडी घातल्याचाही आवाज आला. सोनटक्केबाईंचे दोन्ही अंगठे चपलांत केव्हाच गेले होते. तरी त्या वाकलेल्याच राहिल्या.